पाण्याखालच्या तीन पायऱ्या

माणूस बैलगाडीत कसा चढतो याकडे आपण कधी लक्ष देत नाही. तांडेलअण्णा द्यायचे. नुसतं बघून त्यांचं समाधान व्हायचं नाही. गाडीवानाला थांबवून ते चढलेल्या माणसाला खाली उतरवायचे आणि पुन्हा चढायला लावायचे. आधी बूड टेकायचं, मग पाय आत घ्यायचे, हातातलं गाठोडं अगोदर वर द्यायचं, आणि काही झालं तरी उभ्याने पाय टाकायचा नाही. चार पावलांवर दुकान असलेला माणूससुद्धा हे सगळं ऐकून घ्यायचा, कारण ऐकल्याशिवाय अण्णा सोडत नसत.

निपाणीला एकदा त्यांनी सर्व्हिस मोटार अडवून धरली होती. दारात उभे राहून ते एकेका उतारूला चढण्याची रीत समजावत होते. ड्रायव्हरने भोंगा वाजवून बघितला, शिव्या देऊन बघितल्या, आणि शेवटी सगळे चढल्यावर अण्णांना खाली ठेवून तो निघून गेला. आपल्यालाही त्याच मोटारीने चिकोडीला जायचं होतं हे अण्णांना धुरळा बसल्यावर आठवलं. लग्नातही तेच. नवी नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडायला आली, सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे, अण्णांचे तिच्या पायाकडे. "भार मागच्या पायावर हाय, पोरगी पडंल," असं ते भर मांडवात म्हणाले. पोरगी पडली नाही, पण नवऱ्याची आई त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही.

मी त्यांना ओळखत होते ती इंग्रजांच्या अमदानीतली शेवटची काही वर्षं. बेळगावला सुईणपणाचं शिक्षण घेऊन मी दूधगंगेच्या काठच्या एका गावात दवाखान्यात लागले होते. वय पंचविशीचं, नवरा गेलेला, आणि स्वभाव तापट. गावात मला नर्सबाई म्हणत, पुढे नुसतं बाई म्हणू लागले. माझ्या हद्दीतली निम्मी गावं नदीपलीकडे होती, आणि पावसाळ्याचे चार महिने त्यांचा आणि माझा संबंध तांडेलअण्णांच्या हाती असे.

अण्णा पलीकडच्याच गावचे, शेतकऱ्याघरचे. पोरवयात घरात भांडून मुंबईला गेले आणि आगबोटींवर खलाशी म्हणून राहिले. परत आले तेव्हा केस पांढरे झाले होते आणि बायको-मुलं केलेली नव्हती. नदीकाठच्या गावात समुद्रावरचा माणूस म्हणजे चेष्टेला निमित्तच. लोकांनी त्यांना तांडेल, म्हणजे गलबतावरचा म्होरक्या, म्हणायला सुरुवात केली, आणि नाव असं चिकटलं की खरं नाव त्यांच्या सातबाऱ्यावर तेवढं उरलं. दुसरी गंमत अशी की ह्या तांडेलाला पोहता येत नव्हतं. अर्धं आयुष्य पाण्यावर काढलं, पण गळ्याएवढ्या पाण्यात कधी उतरले नाहीत.

आल्यावर दोन वर्षांत त्यांनी आंब्याच्या फळ्यांची शिडाची नाव बांधली. दूधगंगेत शीड कशाला, म्हणून लोक हसले. पण पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेचा, आणि नदी ओलांडायची ती दक्षिणेकडून उत्तरेला. म्हणजे वारा कायम बाजूने, जाताना तेच शीड आणि येताना तेच. वल्ह्यांच्या नावेला जिथे अर्धा दिवस लागायचा तिथे अण्णा विडी संपायच्या आत पलीकडे लावायचे. हसणारे मग रांगेत उभे राहायला लागले.

अडचण होती ती नावेत चढण्याची. महापुरात पाणी काठ सोडून मळीच्या रानात पसरतं. गाळाचं रान, त्यात बुडालेली कुंपणं, बाभळी, तंबाखूचे बांध. तिथे नाव आणली तर तळ फाटलाच. म्हणून नाव उभी करायची ती मळीची कड संपते आणि खरी खोल नदी सुरू होते तिथे, नांगर टाकून. तिथपर्यंत माणसांनी यायचं काहिलीतून. गुऱ्हाळ पावसाळ्यात बंद असतं, रस उकळायची ती मोठी लोखंडी काहील रिकामी पडलेली असते. आमच्या भागात तीच पुरात होडी होते. सातआठ माणसं पोटाशी गुडघे घेऊन बसायची आणि एक दांडगा गडी पाण्यातून चालत ती ढकलायचा. हा गडी म्हणजे अण्णांचा पुतण्या सत्याप्पा. काहिलीला पुढा नाही, मागा नाही, ती जागच्या जागी फिरते आणि उभं राहिलं की कलंडते. अशा काहिलीतून नावेच्या उंच कडेवर चढायचं म्हणजे लुगड्यातल्या बाईला आणि म्हाताऱ्या माणसाला घाम फुटायचा.

अण्णांचं सगळं डोकं त्या दीड हाताच्या अंतरात अडकलेलं होतं. नाव कशी चालते याबद्दल ते कधी चार वाक्यं बोलले नाहीत. चढण्याबद्दल विचारलं की मात्र त्यांना थांबवणं कठीण. त्यांनी नावेच्या कडेला काथ्याच्या गाद्या बांधल्या, म्हणजे काहील आपटून मागे सरू नये. काहील दोन जागी दोराने बांधायची पद्धत पाडली. चढायचं ते मधल्या अंगाने न चढता मागच्या अंगाने, कारण तिथे नाव सखल. एक चढत असताना बाकीच्यांनी काहिलीत उलट्या बाजूला सरकायचं. सगळ्यांत शेवटी सत्याप्पाने यायचं, एक दोर सोडून; दुसऱ्या दोरावर काहील नावेमागून यायची. आणि मागच्या अंगाला दोराची शिडी, तिला बाभळीच्या सहा पायऱ्या. पायरीला पांढरा चुना, म्हणजे गढूळ पाण्यातही नजरेला पडावी.

दर वैशाखात ते गावाकडून सरावही करून घ्यायचे. देवळामागच्या आंब्याखाली एक काहील उलट्या उखळावर ठेवलेली, म्हणजे ती डुलावी. शेजारी नावेच्या कडेएवढी मातीची भिंत, तिला शिडी टांगलेली. सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसत हसत चढायच्या, आणि अण्णा गंभीर चेहऱ्याने प्रत्येकीचा तळपाय न्याहाळायचे. मीही चढले. तीनदा चढले, कारण दोनदा मी उभ्याने पाय टाकला. "बाई, तुमी शिकलेल्या हाय, तुमी तरी बसून या," असं म्हणाले, आणि सगळ्या बाया माझ्यावर हसल्या.

इथपर्यंत हा एक छांदिष्ट म्हातारा झाला. आता दुसरी गोष्ट सांगते.

शेवटचा माणूस चढून बसला, दोर सुटला, की अण्णा नांगर काढायचे नाहीत. मागच्या अंगाला जाऊन ते शिडीपाशी गुडघ्यावर बसायचे आणि हात खाली पाण्याकडे करायचे. पाच-सहा श्वास जातील इतका वेळ ते तसेच थांबायचे. मग हात हळूच वर घ्यायचे, वजन उचलल्यासारखा, आणि मागे वळून डोलकाठीजवळच्या फळीकडे बघत हलकेच म्हणायचे, "बसा." त्या फळीवर कुणाला बसू देत नसत. पाऊस असो, गर्दी असो, ती जागा मोकळी. नवीन उतारू विचारायचे, जुने खाली बघायचे. आमच्याकडच्या माणसांना सवय करून घ्यायची फार सवय.

एकदा तंबाखूचा एक दलाल पलीकडे निघाला होता. मोठा माणूस, मोठा फेटा. गर्दी होती, तो सरळ जाऊन त्या फळीवर बसला. अण्णांनी त्याला उठवलं नाही. नाव निम्म्यावर गेली असेल, दलाल आपणहून उठला आणि पलीकडचा काठ येईपर्यंत डोलकाठी धरून उभा राहिला. त्या दिवशी पाऊस नव्हता, फळी कोरडी होती. त्याचं धोतर मागून ओलंचिंब झालेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्याला विचारायची कुणाची छाती झाली नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. पुढे तो पावसाळ्यात त्या बाजूला आला नाही.

मी हे सगळं थट्टेवारी नेत असे. सुईणीचं काम करणाऱ्या बाईला भुताखेताला वेळ नसतो. पण एका वैशाखातली दुपार मला नीट आठवते. सराव संपला होता, बाया घरी गेल्या होत्या, मी पाणी प्यायला आंब्याखाली थांबले होते. अण्णा मातीच्या भिंतीवर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी हात खाली केला. खाली कोरडी माती, धुरळा, एक झोपलेलं कुत्रं. मी मनात म्हटलं, झालं, म्हातारा कामातून गेला. तेवढ्यात उखळावरची रिकामी काहील त्यांच्या बाजूला कलली. वारा नव्हता. कुणीतरी तिच्या कडेवर पाय दिल्यासारखी ती कलली, तशीच राहिली, आणि मग मोकळी होऊन डुलत राहिली. कुत्रं उठून निघून गेलं. अण्णा म्हणाले, "बसा." मी तांब्या तिथेच ठेवून घरी आले आणि त्याबद्दल कुणाशी बोलले नाही.

शिडीच्या सहा पायऱ्यांपैकी तीनच पाण्याच्या वर होत्या. उरलेल्या तीन पाण्याखाली. शिडी ताठ राहावी म्हणून तिच्या टोकाला फुटक्या जात्याची तळी बांधलेली. काहिलीतून येणाऱ्या माणसाला वरच्या दोन पायऱ्या पुरत. मग खालच्या तीन कुणासाठी, हा प्रश्न पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्यांना पडला, आणि रिकामी फळी बघून त्यांना उत्तरही मिळालं. बुडालेल्या बाईला नावेत चढायला तांडेलाने जिना बांधून दिलाय, असं ठरलं. ती बाई कोण ते कुणाला माहीत नव्हतं, पण बाईच आहे याबद्दल एकमत होतं. गडीमाणसं तरीही जात-येत राहिली, त्यांना बाजार होता. गरोदर बाईला मात्र त्या नावेत पाय ठेवू द्यायचा नाही असा नियम झाला. पोटातल्या जिवावर तिचा डोळा असणार, असं सासवा सांगायच्या.

ह्या नियमाने एका पावसाळ्याच्या तोंडाला एक जीव गेला. पलीकडे एक पहिलटकरीण दोन दिवस अडली होती. वेळेत माझ्याकडे आणली असती तर निदान ती वाचली असती. मूल आडवं होतं, पण असली मुलं मी फिरवलेली आहेत. सासूने तिला नावेत घालू दिलं नाही. मला निरोप आला तो तिसऱ्या दिवशी. मी पोचले तेव्हा बाईचे पाय गार पडले होते. तिचं तोंड झाकून मी बाहेर आले, आणि मला त्या सासूपेक्षा जास्त राग आला तो अण्णांचा.

तशीच मी त्यांच्याकडे गेले. ते नावेच्या फटी राळ आणि काथ्या घालून बुजवत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं की पाण्याखालच्या तीन पायऱ्या काढा आणि ते हात धरून थांबणं बंद करा. तुमच्या छंदापायी बाया मरताहेत. मग हातातला काथ्या बाजूला ठेवून त्यांनी मला बसायला सांगितलं आणि जे कुणालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

आगबोट कोकणातल्या एका बंदराबाहेर उभी होती. तिथे धक्का नाही, उतारू किनाऱ्यावरून पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, येणार आणि बोटीच्या बाजूच्या दारातून खलाशांनी त्यांना आत ओढून घ्यायचं. अण्णा दारात होते. एक बाई पडावात उभी राहिली, तिने हात दिला, अण्णांनी तो धरला, आणि लाटेने पडाव तिच्या पायाखालून काढून नेला.

"हातात हात व्हता, बाई," अण्णा म्हणाले. "घट्ट व्हता. पर तिच्या पायाखाली कायबी न्हवतं. एक पायरी असती तर ती आली असती. नुसत्या हातावर माणूस किती लोंबकळंल? मी सोडला न्हाय. तिनं बी सोडला न्हाय. मग कवातरी हात रिकामा झाला."

मग ते म्हणाले की जाताना तिने त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं हे त्यांना आजवर कळलेलं नाही. बोटीवरची नोकरी सोडली तेव्हा वाटलं, ती तिथेच राहिली. गावी नाव बांधून पाण्यात घातली, आणि त्याच दिवशी शिडीला खालून ओढ लागली.

"ती रागानं आली का चढाय आली, ठावं न्हाय. रागानं आली असंल तर कुणालातरी नेणार. म्हणून आदी तिला हात देतो, जागा देतो. जागा मिळाली की दुसऱ्याला हात लावणार न्हाय. ह्ये मी कुणासाठी करतोय असं वाटलं तुमास्नी?"

माझा राग तिथेच उतरला, पण हट्ट उतरला नाही. मी म्हटलं, अण्णा, ती मेलेली आहे आणि ह्या जित्या आहेत. त्यांच्यासमोर मी तेव्हा किती लहान होते हे मला आता कळतं. त्यांनी सुरी घेतली, खालच्या तीन पायऱ्यांचे दोर कापले, जात्याची तळी सोडून घेतली, आणि मला एवढंच बजावलं की काहिलीत शेवटचं म्हणून तुम्ही कधी राहायचं नाही.

त्या पावसाळ्यात अण्णा थांबले नाहीत. शेवटचा उतारू बसला की नांगर निघायचा, आणि फळीवर कुणीही बसायचं. पायऱ्या कापल्याचं मी गावोगाव सांगितलं होतं. आधी एक बाई आली, मग दुसरी, श्रावण लागेपर्यंत माझ्या दवाखान्यातल्या दोन्ही खाटा भरलेल्या असायच्या. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. अण्णा मात्र खंगत होते. सुकाणू धरून बसले की त्यांची मान सारखी मागे वळायची.

मग तो दिवस आला. श्रावणातली सकाळ, भुरभुर पाऊस, पाणी चढलेलं. पलीकडून मी एका अडलेल्या बाईला घेऊन निघाले होते. काहिलीत ती, तिची सासू आणि मी, पाण्यात सत्याप्पा. नावेपाशी आलो. सासू बसून, अगदी शिकवल्याप्रमाणे, वर गेली. बाईला कळा येत होत्या, तिला स्वतःहून चढणं शक्य नव्हतं. सत्याप्पा शिडीवर चढला, त्याने तिला खांद्याखाली धरून उचललं, आणि वरून अण्णांनी घेतलं. दोघांचे हात तिच्यात गुंतले. काहिलीत मी एकटीच उरले. माझी पिशवी आधी वर द्यावी म्हणून मी उभी राहिले. तीनदा शिकवलेलं विसरून उभी राहिले.

काहील पायाखालून निघून गेली. तिचे दोर सत्याप्पाने चढताना सोडले होते की सुटले होते, देव जाणे. मी सरळ खाली गेले. वर आले तेव्हा माझं मनगट अण्णांच्या हातात होतं. ते नावेच्या कडेवर पालथे पडले होते आणि त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. असा चेहरा मी पुन्हा कुणाचा बघितला नाही. नऊवारी पाण्याने जड झालेलं, धार पाय नावेखाली ओढत होती, आणि मी पाय मारत होते तिथे काही नव्हतं. शिडीची शेवटची पायरी माझ्या छातीशी होती, तिच्यावर पाय कसा ठेवणार? बोटं निसटायला लागली. मला ओरडता येत नव्हतं, तोंडात पाणी होतं.

तेव्हा माझ्या उजव्या पायाला काहीतरी लागलं. टणक, पण लाकडासारखं नाही. मी त्यावर भार दिला, ते खचलं नाही. मी उचलले गेले, छाती नावेच्या कडेवर आली, आणि अण्णांनी मला दोन्ही हातांनी आत ओढलं.

पुढचं आधी सांगून टाकते. ती बाई दुपारी दवाखान्यात मोकळी झाली, मुलगी झाली, दोघी जगल्या. काहील खालच्या गावात बाभळीत अडकलेली मिळाली. सत्याप्पाने जे बघितलं ते आठ दिवसांत पंचक्रोशीत झालं: बाईंना पाण्यातून कुणीतरी वर दिलं. ज्या सासवा सुनांना नावेत पाय ठेवू देत नव्हत्या त्याच आता म्हणायला लागल्या की पायऱ्या परत बांधा. त्या बुडालेल्या बाईला मूलबाळ नव्हतं म्हणून ती दुसऱ्यांची राखते, असं ठरलं. सातव्या महिन्यात पलीकडच्या बाया नावेपाशी येऊन शिडीची खणानारळाने ओटी भरू लागल्या. अण्णांनी पायऱ्या परत बांधल्या. नारळ मात्र ते सत्याप्पाला देऊन टाकायचे. हात खाली करून थांबायला पुन्हा लागले नाहीत. त्यांची मान मागे वळायची थांबली, अंगावर मांस आलं, ते हसायला शिकले, आणि सुटले एकदाचे असं मला वाटलं. दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते घरात, कोरड्या जमिनीवर, झोपेत गेले. नाव दोन वर्षं पडून राहिली आणि फळ्या सरपणाला गेल्या.

त्यांचं सुटणं कशावर झालं ते आता सांगते. त्या दिवशी नावेत मी खोकत पडले होते. नांगर तसाच होता, बाई विव्हळत होती, सासू देवाला हाका मारत होती. अण्णा माझ्याजवळ बसले आणि त्यांनी शिडी वर ओढून बघितली. तीनच पायऱ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, पायाखाली काय होतं. मी म्हटलं, खांदा. दुसरा शब्द मला सुचला नाही. माणसाचा खांदा पायाखाली कसा लागतो हे शरीराला न शिकवता कळतं.

त्यांचा आवाज अगदी लहान झाला.

"बाई, खरं सांगा. वर ढकलली का खाली वढली?"

"वर," मी म्हणाले.

ते तोंडावर हात धरून रडले. "म्हंजे राग न्हवता," एवढंच म्हणाले आणि नांगर काढायला उठले.

मी खोटं बोलले नव्हते. पण सगळंही सांगितलं नव्हतं. त्या खांद्यावर मी भार दिला तेव्हा माझ्या डाव्या घोट्याभोवती बोटं आवळली गेली होती. जन्मभर मी बायकांचे हात हातात घेतले आहेत आणि पकड मला ओळखता येते. ओढून नेणाऱ्याची पकड ती नव्हती. अडलेली बाई माझं मनगट धरते, मला सोडवा म्हणून धरते, तशी ती होती. तिला वर यायचं होतं. तिच्या तीन पायऱ्या मी काढायला लावल्या होत्या, म्हणून तिने माझा पाय धरला होता. आणि मी जिवाच्या भीतीने, होत्या नव्हत्या त्या जोराने, पाय झटकला. बोटं सुटली तेही मला कळलं.

हे मी अण्णांना सांगितलं नाही. त्या दिवशी सांगता आलं नाही, नंतर त्यांचं हसणं बघून सांगवलं नाही. तिला हात द्यायला थांबणारं जगात एकच माणूस होतं, आणि माझ्या 'वर' ह्या एका शब्दावर त्यानेही थांबणं सोडून दिलं.